सही करण्याआधी: संशोधन-नियतकालिकाचं नाव, पैसा आणि संपादकाचं स्वातंत्र्य

प्रश्न असा आहे. डॉक्टरांची एक संघटना तीसेक वर्षं स्वतःचं संशोधन-त्रैमासिक काढते आहे. वर्गणीदार घटले, औषध कंपन्यांच्या जाहिराती आटल्या, छपाई परवडेनाशी झाली. आता एका मोठ्या प्रकाशन कंपनीकडून प्रस्ताव आलाय: वेबसाइट, मांडणी, इंडेक्सिंग (संशोधनाच्या डेटाबेसमध्ये नोंद) आम्ही सांभाळतो, नियतकालिक पूर्णपणे ओपन ॲक्सेस, म्हणजे वाचकांना मोफत करतो, लेख स्वीकारला की लेखकाकडून शुल्क घेतो आणि त्यातला ठरावीक वाटा संघटनेला देतो. 'संपादकीय स्वातंत्र्य अबाधित राहील' असं करारात लिहिलेलंही आहे. नव्याने जबाबदारी घेतलेले संपादक विचारतायत की एवढं लेखी मिळाल्यावर सही करायला हरकत काय?

मी अशाच एका नियतकालिकाचं संपादन एकोणीस वर्षं केलं. त्यातली काही वर्षं मोठ्या प्रकाशकाबरोबर, बाकीची स्वतःच्या पायावर. त्या अनुभवावरून सांगतो, आत्ताच्या मसुद्यावर सही करू नका. 'अबाधित राहील' हे वाक्य मी पाहिलेल्या प्रत्येक करारात होतं. आमच्याही होतं. तुमचं स्वातंत्र्य त्या वाक्यावर नव्हे, तर इतर तीन कलमांवर ठरणार आहे: नियतकालिकाच्या नावाची मालकी कुणाची, संपादकाला काढायचा अधिकार कुणाला आणि पैसा कशावर मोजला जातो. ही तीन कलमं बहुधा करारात वेगवेगळ्या पानांवर असतात, त्यामुळे ती एकत्र वाचली जात नाहीत.

आधी नावाबद्दल, कारण तिथेच सगळ्यात जास्त लोक फसलेत.

'लिंग्वा' हे भाषाविज्ञानातलं १९४९ साली सुरू झालेलं नामांकित नियतकालिक, प्रकाशक एल्सव्हिअर. लायडन विद्यापीठाचे योहान रोरिक त्याचे प्रमुख संपादक होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाशकापुढे मागण्या ठेवल्या: नियतकालिक पूर्ण ओपन ॲक्सेस व्हावं, लेखाचा कॉपीराइट लेखकाकडे राहावा, लेखकाकडून घ्यायचं शुल्क ४०० युरोंच्या वर नको आणि नावाची मालकी संपादकांकडे यावी. कंपनीने नकार दिला. २०१५ च्या ऑक्टोबरअखेरीस सहाच्या सहा संपादकांनी आणि संपादक मंडळाच्या ३१ सदस्यांनी राजीनामे दिले. २०१६ मध्ये याच मंडळींनी 'ग्लोसा' हे नवं ओपन ॲक्सेस नियतकालिक सुरू केलं, आणि ते चांगलं रुजलं.

ही विजयाची गोष्ट म्हणून सांगितली जाते आणि तशी ती आहेही. पण संपादक म्हणून मला त्यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. माणसं सगळी बाहेर पडली, तरी जे मागे राहिलं ते पाहा. 'लिंग्वा' हे नाव, जवळपास सात दशकांचे जुने अंक, इम्पॅक्ट फॅक्टर (लेखांचे इतरांनी किती संदर्भ दिले यावरून ठरणारा गुणांक), डेटाबेसमधली नोंद आणि लेख सादर करायची यंत्रणा यांतलं काहीच त्यांना नेता आलं नाही. कंपनीने नवे संपादक नेमले आणि जुनं नियतकालिक चालूच राहिलं. भाषावैज्ञानिक त्याला 'झोंबी लिंग्वा' म्हणू लागले. इकडे 'ग्लोसा'ला इम्पॅक्ट फॅक्टर शून्यातून मिळवावा लागला. रोरिकांसारख्या प्रस्थापित प्राध्यापकांना ती वर्षं काढता आली. नाशिकच्या किंवा नांदेडच्या कॉलेजातल्या सहायक प्राध्यापकाला, ज्याची बढती 'इंडेक्स्ड' नियतकालिकातल्या दोन लेखांवर अडलीय, ती मोकळी वर्षं परवडत नाहीत. म्हणून आपल्याकडे संपादक मंडळाने बाहेर पडायची धमकी देणं अवघड असतं, आणि म्हणूनच नाव पहिल्या दिवसापासून संघटनेकडे असणं जास्त गरजेचं.

आता मसुदा काढून बघा. 'प्रकाशक या नियतकालिकाचा विकास करेल आणि त्यातून निर्माण होणारे सर्व हक्क…' अशा काहीशा वाक्यात नाव, लोगो, डोमेन आणि जुने अंक एका दमात प्रकाशकाकडे जातात. संघटनांना वाटतं की आपल्याकडे आयएसएसएन आहे म्हणजे नाव आपलं. तसं नसतं. आयएसएसएन हा ओळखक्रमांक आहे, तो दिल्लीहून विनामूल्य मिळतो आणि त्याने मालकी सिद्ध होत नाही. वर्तमानपत्रांसारखी शीर्षकाची नोंदणीही इथे कामाला येत नाही. २०२३ च्या नव्या नियतकालिक नोंदणी कायद्याने वैज्ञानिक, तांत्रिक आणि शैक्षणिक जर्नल्स आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहेत. हातात राहतो तो ट्रेडमार्क. छापील प्रकाशनासाठी वर्ग १६ आणि ऑनलाइनसाठी वर्ग ४१ यांत नाव संघटनेच्या नावाने नोंदवायला अर्ज करा, आणि करारात लिहा की प्रकाशकाला ते फक्त कराराच्या मुदतीपुरतं वापरायची परवानगी आहे.

डोमेनचंही तसंच. आमचं डोमेन एका हुशार निवासी डॉक्टरने स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या कार्डाने घेऊन दिलं होतं. तो पुढे परदेशी गेला, ईमेल बदलला, नूतनीकरणाची सूचना कुणालाच मिळाली नाही. साइट अकरा दिवस बंद होती आणि त्याच काळात एका डेटाबेसची तपासणी सुरू होती. कुणाचाही वाईट हेतू नव्हता. तेव्हापासून डोमेन, डीओआयचं (प्रत्येक लेखाच्या कायमच्या ऑनलाइन ओळखक्रमांकाचं) क्रॉसरेफ खातं आणि साइटचा बॅकअप यांची नोंद आमच्या संघटनेच्या मालमत्ता-वहीत, टेबल-खुर्च्यांच्या खाली, लेखी असते.

दुसरं कलम संपादकाला काढण्याचं. इथे लोक प्रकाशक कंपनीकडे बोट दाखवतात, पण वैद्यकीय नियतकालिकांचा इतिहास वेगळंच सांगतो. १९९९ च्या जानेवारीत 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक जॉर्ज लुंडबर्ग यांना काढलं ते अमेरिकन मेडिकल असोसिएशनने, म्हणजे डॉक्टरांच्याच संघटनेने. क्लिंटन यांच्यावरचा महाभियोग चालू असताना, विद्यार्थी कशाला 'लैंगिक संबंध' म्हणतात यावरचं सर्वेक्षण त्यांनी छापलं, हे निमित्त झालं. त्याच वर्षी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या जेरोम कॅसिरर यांना पद सोडावं लागलं, कारण नियतकालिकाचं नाव इतर उत्पादनांवर वापरायच्या मालक संस्थेच्या बेताला त्यांचा विरोध होता. ती संस्थाही मॅसॅच्युसेट्सच्या डॉक्टरांचीच. नाव आणि स्वातंत्र्य हे एकच प्रकरण कसं होतं, हे त्यातून नीट दिसतं.

कॅनडातली घटना तर मी नव्या संपादकांना आवर्जून सांगतो. कॅनेडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाने २००५ च्या अखेरीस एक वार्तांकन केलं: तातडीची गर्भनिरोधक गोळी मागणाऱ्या स्त्रियांना औषध दुकानांत किती खाजगी प्रश्न विचारले जातात. औषधविक्रेत्यांच्या संघटनेने तक्रार केली, मालक संघटनेने दबाव आणला आणि मजकुरातला भाग वगळावा लागला. संपादकांनी हा हस्तक्षेप वाचकांपासून लपवला नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये प्रमुख संपादक जॉन होई आणि त्यांच्या सहकारी ॲन मरी टॉडकिल यांना काढून टाकलं गेलं. त्यानंतर आणखी संपादक बाहेर पडले आणि त्यांच्यातल्या काहींनी २००७ मध्ये 'ओपन मेडिसिन' काढलं: स्वतंत्र, ओपन ॲक्सेस, औषधांच्या जाहिरातींशिवाय. फार प्रामाणिक प्रयत्न होता तो. २०१४ मध्ये तो थांबला. निव्वळ निष्ठेवर आणि फावल्या वेळावर संशोधन-नियतकालिक किती वर्षं चालतं, याचा हिशेब तुम्हीही आधीच मांडायला हवा.

म्हणजे तुमच्या संपादकीय स्वातंत्र्याला धोका प्रकाशकाकडून येईल, तसाच तुमच्या स्वतःच्या कार्यकारिणीकडूनही येईल. अध्यक्षांच्या विभागातला लेख नाकारलात तर फोन येतोच. मला आलाय, अनेकदा. म्हणून दोन बाजूंनी कुंपण घालावं लागतं. 'जामा'ने लुंडबर्ग प्रकरणानंतर सात सदस्यांची देखरेख समिती नेमली, जी मालक संस्था आणि संपादक यांच्यामध्ये उभी राहते. तुम्हाला सात नकोत, तीन पुरतील, आणि त्यातले दोन तरी संघटनेच्या पदाधिकाऱ्यांपैकी नसावेत. संपादकाची मुदत ठरलेली असावी, मुदतीआधी काढायचं तर कारणं लेखी द्यावीत, त्याला उत्तर द्यायची संधी असावी आणि लेख छापणं वा न छापणं हे कारण कधीच होऊ शकत नाही असं स्पष्ट लिहावं.

आता पैशाबद्दल. ओपन ॲक्सेसशी ही गोष्ट थेट भिडते, म्हणून इथे जरा थांबतो.

ओपन ॲक्सेस म्हणजे वाचकाला पैसे न देता लेख वाचता येणं, उतरवून घेता येणं, वापरता येणं. फेब्रुवारी २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यापासून ही कल्पना याच अर्थाने रुजली. त्यात लेखकाकडून पैसे घ्या असं बंधन कुठेही नाही. शुल्काची पद्धत, जिला आपण एपीसी म्हणतो, ही खर्च भागवायची अनेक पद्धतींपैकी एक. पण तिचा एक गुणधर्म लक्षात घ्या: नाकारलेल्या लेखाचे पैसे मिळत नाहीत. वर्गणीच्या जमान्यात लेख नाकारला तर प्रकाशकाचं काही जात नव्हतं. एपीसीत प्रत्येक नकार म्हणजे थेट महसुलाचा तोटा.

हे आमच्याकडे कसं आलं ते सांगतो. करारानंतरचं पहिलं वर्ष सुरळीत गेलं. दुसऱ्या वर्षी दर महिन्याच्या शेवटी प्रकाशकाच्या कार्यालयातून एक तक्ता येऊ लागला. त्यात आमच्या नियतकालिकाची ओळ, शेजारी 'स्वीकृतीचं प्रमाण' असा रकाना, आणि आकडा ठरलेल्या लक्ष्याखाली असला की तो चौकोन लाल. मेलमध्ये कुठेही 'लेख स्वीकारा' असं नसायचं. 'निर्णयप्रक्रिया अधिक लेखक-स्नेही करता येईल का' असं असायचं. मग एक लेख आला. परीक्षकाने लिहिलं होतं की मजकुरात ५८ रुग्ण आहेत आणि तक्ता ३ मधली बेरीज ६४ होते. मी लेखकांना मूळ नोंदी मागितल्या, त्या आल्या नाहीत, मी लेख नाकारला. तिसऱ्या दिवशी प्रकाशकाच्या व्यवस्थापकाचा मेल: 'लेखकांनी शुल्क भरायची तयारी आधीच कळवली आहे, पुनर्विचार शक्य आहे का?' सहा रुग्ण कुठून आले हा माझा प्रश्न त्या मेलमध्ये कुठेच नव्हता. मी पुनर्विचार केला नाही, आणि मुदत संपल्यावर आम्ही करार वाढवला नाही. करारात नाव आमच्याकडे ठेवलं होतं म्हणूनच बाहेर पडता आलं. ते श्रेय माझ्या आधीच्या संपादकांचं. त्यांनी त्या एका कलमासाठी चार महिने सही अडवून धरली होती.

हा माझ्यापुरता अनुभव नाही. २०१८ मध्ये एमडीपीआय या प्रकाशकाच्या 'न्यूट्रियन्ट्स' या नियतकालिकाच्या दहा वरिष्ठ संपादकांनी एकदम राजीनामे दिले. सुमार लेख स्वीकारण्यासाठी आपल्यावर दबाव येतो, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि प्रकाशकाने ते नाकारलं. हिंदावी या प्रकाशनसंस्थेला वायलीने २०२१ मध्ये सुमारे ३० कोटी डॉलर देऊन विकत घेतलं. तिची भिस्त पाहुण्या संपादकांच्या विशेषांकांवर होती, आणि त्या दारातून बनावट लेख विकणाऱ्या टोळ्या आत शिरल्या. एकट्या २०२३ सालात हिंदावीचे ८,००० हून जास्त लेख मागे घ्यावे लागले, आणि शेवटी वायलीला ते नावच मोडीत काढावं लागलं. तुमच्या मसुद्यात 'विशेषांकांचे पाहुणे संपादक प्रकाशक नेमेल' असं कलम असेल, तर ते आधी काढायला लावा.

आणि शुल्काचा आकडा कोण ठरवणार, तेही. एल्सव्हिअरच्याच 'न्यूरोइमेज' या नामांकित नियतकालिकाचं शुल्क ३,४५० डॉलर होतं, त्या वेळच्या दराने पावणेतीन लाख रुपयांहून जास्त. संपादकांनी ते कमी करा म्हणून विनंती केली, कंपनीने मानलं नाही, आणि एप्रिल २०२३ मध्ये ४० हून अधिक संपादकांनी राजीनामे देऊन एमआयटी प्रेसकडे 'इमेजिंग न्यूरोसायन्स' सुरू केलं. तिथलं शुल्क १,६०० डॉलर ठेवलं. तेही आपल्याला जडच. जिल्हा रुग्णालयातला डॉक्टर सर्पदंशावर दहा वर्षांच्या नोंदी घेऊन लेख लिहितो, तो हे पैसे कुठून आणणार? त्याचा लेख आला नाही तर तुमच्या नियतकालिकाचं प्रयोजनच उरत नाही. शुल्कमाफी आहे असं प्रकाशक सांगेल. ती कुणाला मिळते, कोण ठरवतं आणि हा निर्णय परीक्षणाच्या आधी होतो की नंतर, हे लेखी घ्या. शुल्काची माहिती संपादकाला निर्णय देईपर्यंत दिसताच कामा नये.

शुल्काविना ओपन ॲक्सेस चालतं का? चालतं, आणि आपल्या डोळ्यांसमोर चालतं. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालयाचं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' १९५५ पासून निघतं. 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'ही मुंबईतूनच, १९९३ पासून. ब्राझीलमध्ये १९९८ साली सुरू झालेल्या सायलो या सामाईक ऑनलाइन व्यासपीठाने तर सार्वजनिक पैशावर लॅटिन अमेरिकेतल्या अनेक नियतकालिकांसाठी हे करून दाखवलं. वाचकाकडून नाही, लेखकाकडूनही नाही, या पद्धतीला आता डायमंड ओपन ॲक्सेस म्हणतात.

यंत्रणेचा बाऊ करू नका. ओपन जर्नल सिस्टिम्स हे सॉफ्टवेअर २००१ पासून विनामूल्य उपलब्ध आहे आणि लेख दाखल होण्यापासून परीक्षण आणि प्रकाशनापर्यंत सगळं त्यात होतं. डीओएजे या ओपन ॲक्सेस नियतकालिकांच्या निर्देशिकेत नोंदणीला पैसे पडत नाहीत, फक्त परीक्षणपद्धत, शुल्क, परवाना आणि संपादक मंडळ साइटवर उघड मांडावं लागतं. खरा खर्च माणसांचा: भाषा तपासणारा एक आणि मांडणी व फाइल्स सांभाळणारा एक, दोघं अर्धवेळ, पण पगारी. तिथे फुकटची अपेक्षा ठेवली की अंक रखडतो, हे मी दोनदा पाहिलंय. हा पगार संघटनेच्या वार्षिक परिषदेच्या शिलकीतून बाजूला काढता येतो का, ते खजिनदारांना विचारा. तो निघत असेल तर तुम्हाला प्रकाशकाची गरजच नाही, असं माझं मत आहे.

कुणी म्हणेल, पण मोठ्या प्रकाशकाचं नाव असलं की यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) यादीत जागा पक्की. ते दिवस गेले. यूजीसीने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली आणि मे २०१८ मध्ये त्यातली ४,३०५ नावं एका फटक्यात वगळली. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या अभ्यासकांनी विद्यापीठांनी सुचवलेली नियतकालिकं तपासली, तेव्हा त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाची निघाली. मग त्याच विद्यापीठात केंद्र असलेली 'केअर' ही यूजीसीची नवी यादी आली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाल्याचं जाहीर झालं. आता नियतकालिकाचा दर्जा ठरवायची जबाबदारी संस्थांवर आहे. साहजिकच परीक्षण कसं होतं, शुल्क किती, चुका झाल्या तर दुरुस्ती कशी छापता, हे जो उघड दाखवेल त्याची बाजू यापुढे भक्कम. केंद्र सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेमधूनही तुम्हाला काही येणार नाही. तीन वर्षांचे ६,००० कोटी रुपये ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं आपल्या संस्थांना वाचायला मिळावीत म्हणून आहेत. विद्यार्थ्यांना त्याचा मोठा फायदा आहे. पण त्यातला शंभरावा हिस्सा जरी देशातल्या विनाशुल्क नियतकालिकांना मिळाला असता तर आज हा प्रश्न तुम्हाला पडला नसता, आणि ही मागणी संघटनांनी लावून धरायला हवी.

तरीही प्रकाशकाबरोबर जायचं ठरलं, तर मुदत तीन वर्षांची ठेवा, आपोआप नूतनीकरण नको. दरवर्षी अंकांच्या मूळ फाइल्स एक्सएमएलसह (संगणकाला वाचता येणाऱ्या रूपासह) संघटनेकडे जमा व्हाव्यात. करार संपल्यावर डीओआय, जुने अंक आणि परीक्षकांची यादी नव्वद दिवसांत परत मिळावी. संघटनेचा वाटा लेखांच्या संख्येवर मोजू नका, वर्षाची ठोक रक्कम मागा. ती कमी असली तरी चालेल. प्रकाशक नावाच्या कलमावर अडून बसला, तर बाकीचं कितीही गोड असलं तरी उठून या.

आणि बोलणी सुरू करण्याआधी संघटनेच्या सर्वसाधारण सभेत हा ठराव मांडा, आम्ही केला होता त्याच शब्दांत देतो: 'नियतकालिकाचे नाव, बोधचिन्ह, डोमेन व सर्व प्रकाशित अंक ही संघटनेची मालमत्ता असून ती कोणत्याही कराराने कायमची हस्तांतरित करता येणार नाही. कोणता लेख प्रकाशित करावा याचा निर्णय फक्त संपादकाचा असेल; त्यात पदाधिकारी, प्रकाशक, जाहिरातदार किंवा देणगीदार हस्तक्षेप करणार नाहीत.' नुसता ठराव पुढची सभा फिरवू शकते, म्हणून तो घटनादुरुस्ती करून संघटनेच्या घटनेत घाला आणि ती दुरुस्ती धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवून घ्या. आम्हाला त्याला आठ महिने लागले होते, तेव्हा प्रकाशकाला तारीख देताना तेवढा वेळ हाताशी ठेवा.